मोझेस नावाचा कावळा

१९४४ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेचे एक संचालक, थोर ख्रिस्ती कवी टी. एस. एलियट यांनी जॉर्ज ऑर्वेल यांचे एक हस्तलिखित नकारासह परत केले. पत्र सौजन्याने भरलेले होते. त्यांनी लेखनाची तुलना स्विफ्टच्या 'गलिव्हर'शी केली, कथेची बांधणी वाखाणली, आणि मग असे सुचविले की गोष्टीतली डुकरे इतर जनावरांपेक्षा कितीतरी हुशार आहेत, तेव्हा शेत चालविण्यास तीच सर्वांत लायक. गरज होती ती अधिक लोकहितदक्ष डुकरांची. या पुस्तकाविषयी गेल्या ऐंशी वर्षांत जगभरच्या वाचकांनी जे जे म्हटले, त्यांत इतका गंभीरपणे केलेला विनोद दुसरा आमच्या वाचनात नाही. एवढा मोठा कवी, पण गोष्टीतल्या डुकरांनी त्याचे मन वळविलेच!

दुसरे एक प्रकाशक, जोनाथन केप, यांनी आधी होकार दिला होता. पण ब्रिटिश सरकारच्या माहिती मंत्रालयातील एका अधिकाऱ्याचा सल्ला घेतल्यावर तो त्यांनी मागे घेतला, आणि सत्ताधारी जमातीसाठी डुकरांऐवजी दुसरा एखादा प्राणी निवडला असता तर रशियनांना इतके झोंबले नसते, असेही कळविले. तो अधिकारी बहुधा पीटर स्मॉलेट असावा, असे अभ्यासक मानतात; आणि हे स्मॉलेट सोव्हिएत हेर होते. अमेरिकेतील एका प्रकाशनसंस्थेने तर जनावरांच्या गोष्टी आपल्या देशात खपत नाहीत, असे सांगून पुस्तक नाकारले. म्हणजे छापण्यापूर्वीच 'अ‍ॅनिमल फार्म'ला वाचक भेटले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाने ते आपापल्या सोयीने वाचले होते.

अखेर १७ ऑगस्ट १९४५ रोजी सेकर अँड वॉरबर्ग या लहान संस्थेने ४,५०० प्रतींची पहिली आवृत्ती काढली. लेखकाने पुस्तकाला परीकथा असे उपशीर्षक दिले होते. त्यामुळे काही दुकानदारांनी ते बालसाहित्याच्या फळीवर मांडून टाकले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. जोन्स नावाच्या दारुड्या शेतकऱ्याला जनावरे हाकलून देतात आणि शेत आपल्या ताब्यात घेतात. सर्व प्राणी समान, अशा अर्थाच्या सात आज्ञा कोठाराच्या भिंतीवर रंगविल्या जातात. लिहिणे-वाचणे डुकरांना चांगले जमते, म्हणून कारभार त्यांच्याकडे जातो. पहिल्याच दिवशी गायींचे दूध कोठे गेले ते कोणास कळत नाही. मग सफरचंदेही डुकरांच्याच वाट्याला जातात, कारण डोक्याचे काम करणाऱ्यांना ती प्रकृतीसाठी हवीच असतात! पुढे नेपोलियन नावाचे डुक्कर आपल्या प्रतिस्पर्ध्याला कुत्र्यांकरवी पळवून लावते. भिंतीवरच्या आज्ञांना रात्रीतून दोन-दोन शब्द जोडले जातात. राबराब राबणारा बॉक्सर हा घोडा म्हातारपणी खाटकाला विकला जातो आणि त्या पैशातून डुकरे व्हिस्की आणतात. शेवटी माणसे आणि डुकरे एका मेजाभोवती बसलेली दिसतात, आणि खिडकीतून पाहणाऱ्या जनावरांना कोण कोणता हे ओळखू येईनासे होते. लेखक ऑर्वेल हा आपल्या बिहारातल्या मोतिहारीचा, २५ जून १९०३ चा जन्म. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात होते.

अशा कथांना इंग्रजीत 'डिस्टोपिया' म्हणतात. मूळचा 'युटोपिया' हा शब्द आपल्याच एका संताने जगाला दिला. सेंट थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये त्या नावाचा ग्रंथ लिहिला; १५३५ मध्ये राजाने त्यांचा शिरच्छेद केला आणि १९३५ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांनी आदर्श राज्य कल्पिले. त्याचे उलटे म्हणजे डिस्टोपिया; आम्ही त्यास 'उफराटे रामराज्य' म्हणू. हे राज्य भेसूर असते, आणि ते हसत हसत सांगितले की आणखीच भेसूर होते. परंतु हसण्यात एक सोयही आहे. जो हसतो तो स्वतःला गोष्टीबाहेर समजतो.

जुन्या करारातील नाथान संदेष्ट्याला ही सोय ठाऊक होती. दावीद राजापुढे जाऊन त्याने श्रीमंताची आणि गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्याने श्रीमंताला शिक्षाही फर्मावली. आणि मग नाथानाने बोट दाखविले. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय आम्हांस व्यंगलेखनाचा पहिला पाठ वाटतो. 'अ‍ॅनिमल फार्म'च्या वाचकांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की बहुतेक सारे बोट दाखविण्याच्या आधीच्या दावीदाजवळ थांबले. त्यांना शेजाऱ्याचा गुन्हा दिसला, संताप आला, हसूही आले.

कवी व समीक्षक विल्यम एम्प्सन यांनी ऑर्वेल यांना पत्र लिहून कळविले, की एक कट्टर हुजूरपक्षीय लहानगा पुस्तकावर बेहद्द खूष आहे. त्याला हा आपल्याच पक्षाचा जोरदार प्रचार वाटला. लोक तुमचा अर्थ चुकीचा लावतील, असा इशाराही एम्प्सन यांनी दिला. ऑर्वेल स्वतः अखेरपर्यंत लोकशाही समाजवादी होते. १९४६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन लेखक ड्वाइट मॅक्डोनल्ड यांना लिहिताना त्यांनी कथेचा कणा कोठे आहे ते सांगितले: डुकरांनी दूध आणि सफरचंदे स्वतःसाठी ठेवली, तो क्षण. इतर जनावरांनी तेव्हाच पाय रोवला असता तर पुढचे टळले असते. म्हणजे ज्या प्रसंगाला वाचक हसून पान उलटतो, तोच लेखकाला सर्वांत मोलाचा वाटत होता.

सर्वांत खरे वाचक जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत भेटले. १९४६ मध्ये इहोर शेव्चेन्को नावाचा तरुण विद्वान तेथील युक्रेनियन निर्वासितांपुढे हे पुस्तक इंग्रजीतून तिथल्या तिथे भाषांतर करीत वाचून दाखवी. या माणसांनी सामुदायिक शेतीची सक्ती आणि १९३२-३३ चा दुष्काळ सोसलेला होता. बॉक्सर कोण, हे त्यांना समजावून द्यावे लागले नाही. शेव्चेन्कोच्या पत्रावरून ऑर्वेल यांनी युक्रेनियन आवृत्तीला खास प्रस्तावना लिहिली आणि मानधन घेतले नाही. एका अरुंद वाटेवर दहाएक वर्षांचा पोरगा प्रचंड घोड्याला चाबकाने हाणीत नेत होता. या जनावराला आपली ताकद कळली तर काय होईल, असा विचार तेव्हा मनात आला आणि त्यातून कथा सुचली, हे त्यांनी तेथेच सांगितले. १९४७ मध्ये ती आवृत्ती म्यूनिकमध्ये छापली गेली. सुमारे २,००० प्रती वाचकांपर्यंत पोहोचल्या. उरलेल्या सुमारे १,५०० अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. आणि त्याच अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने पुढे छुपा पैसा पुरवून त्यावर बोलपट काढविला. १९५४ च्या त्या चित्रपटात शेवट बदललेला आहे: जनावरे डुकरांवर उठाव करतात. माणसे आणि डुकरे सारखी दिसू लागणे, हे त्या आश्रयदात्यांना परवडणारे नव्हते.

आता आपल्याकडे वळू. कॅथलिक वाचकांनी या पुस्तकाचे पुष्कळ कौतुक केले, आणि तेही बहुधा एकाच अंगाने केले. पोप अकरावे पायस यांनी १९३७ च्या मार्च महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने दोन परिपत्रके काढली. १४ मार्चचे नाझी सत्तेविरुद्ध होते आणि १९ मार्चचे निरीश्वर साम्यवादाविरुद्ध. दुसरे आपल्या लोकांच्या अधिक लक्षात राहिले. आमच्या सेमिनरीच्या काळात, बर्लिनची भिंत पडली त्या सुमारास, 'अ‍ॅनिमल फार्म' ग्रंथालयात साम्यवादाच्या कपाटात ठेवलेले असे. वर्गात त्यावर बोलणे निघाले की नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, अशी जोड्या लावण्याची परीक्षाच होई. मोझेस नावाच्या पात्राची जोडी मात्र कोणी लावीत नसे.

मोझेस हा पाळीव डोमकावळा. तो काम करीत नाही, पण बोलण्यात पटाईत आहे. ढगांच्या पलीकडे एक खडीसाखरेचा डोंगर आहे, मेल्यावर सगळी जनावरे तेथे जातात, तेथे आठवड्याचे सातही दिवस रविवार असतो, असे तो सांगतो. आधी तो जोन्सचा लाडका असतो. बंडानंतर तो उडून जातो, आणि पुष्कळ वर्षांनी, जनावरांचे हाल पहिल्यापेक्षा वाढलेले असताना, परत येतो. डुकरे त्याच्या गोष्टी खोट्या आहेत असे तुच्छतेने म्हणतात. आणि तरीही त्याला राहू देतात, रोज घोटभर बिअरही देतात. कारण सांगण्याची ऑर्वेल यांना गरज वाटली नाही. त्यांनी हे पुस्तक १९४३ च्या नोव्हेंबरात लिहायला घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टॅलिनने रशियन ऑर्थोडॉक्स धर्माधिकाऱ्यांना बोलावून घेऊन त्यांच्याशी जमवून घेतले होते. कावळ्याचे परतणे ही त्या दिवसांतली ताजी बातमी होती.

ऑर्वेल यांना आपल्याविषयी प्रेम नव्हते, हे वाचकांनी जाणून असावे. स्पेनच्या यादवी युद्धात ते लढायला गेले तेव्हा बार्सिलोनातले 'साग्रादा फामिलिया' हे भव्य मंदिर त्यांना इतके कुरूप वाटले, की अराजकवाद्यांनी ते उडवून दिले नाही यात त्यांची अभिरुची कमी पडली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. (पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० मध्ये त्या मंदिराचे समर्पण केले. अभिरुचीचा तो वाद आपण जिंकला असे म्हणण्यास हरकत नाही.) आणि तरीही आपले दफन अँग्लिकन विधीने व्हावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती, आणि १९५० मध्ये तसेच झाले.

तेव्हा कावळ्याचे चित्र न्याय्य आहे काय? आमच्या मते एका बाबतीत मुळीच नाही. मोझेसला बिअर मिळते. विसाव्या शतकातल्या कितीतरी धर्मगुरूंना तुरुंग मिळाला. १९४६ च्या मार्चमध्ये, म्हणजे छावण्यांत या पुस्तकाचे वाचन होत होते त्याच सुमारास, सोव्हिएत सत्तेने युक्रेनची ग्रीक-कॅथलिक ख्रिस्तसभाच संपुष्टात आणली. तिचे प्रमुख योसिफ स्लिपी यांना १९४५ मध्ये अटक झाली, ते १९६३ मध्ये सुटले. छावण्यांतल्या युक्रेनियनांत ग्रीक-कॅथलिक पुष्कळ होते. कावळ्याचा राग यायचा तर त्यांना यायला हवा होता. तरीही पुस्तक आपल्या भाषेत छापले जावे म्हणून धडपडले ते छावण्यांतले युक्रेनियनच. आपण मात्र, ज्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही, त्या पानावर आलो की चष्मा पुसू लागतो.

आपल्यातला एक निर्भीड वाचक म्हणजे कादंबरीकार ईव्हलिन वॉ. ऑर्वेल यांची नंतरची '१९८४' ही कादंबरी वाचून त्यांनी १९४९ मध्ये लेखकाला सरळ कळविले, की त्या भविष्यातून ख्रिस्तसभा नाहीशी झालेली आहे आणि म्हणून ते चित्र आपल्याला खरे वाटत नाही. वॉ यांनी १९५३ मध्ये स्वतःही 'लव्ह अमंग द रुइन्स' ही लहानशी उफराटी कथा लिहिली. तीत सरकारी इच्छामरण केंद्र हे राज्यातले सर्वांत लोकप्रिय खाते असते. विनोद धारदार आहे, पण त्यात वॉ यांचे आपले कोणी सापडत नाही. सगळी पापे आधुनिकांची. आम्हांस तो कावळ्यापेक्षा दुबळा वाटतो.

मराठीत हा प्रकार फार थोड्यांनी हाताळला. अलीकडचे ठळक नाव म्हणजे नागपूरचे नंदा खरे, व्यवसायाने स्थापत्य अभियंते, विवेकवादी 'आजचा सुधारक' मासिकाचे एकेकाळचे संपादक. नजीकच्या भविष्यावरील त्यांच्या 'उद्या' या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे, आता आणखी घेणे नको, असा त्यांचा भाव होता. २०२२ मध्ये ते निवर्तले. त्यांचे आमचे ईश्वराविषयी जमले नसते. परंतु उपहास करणाऱ्या लेखकाने आपल्या वाट्याचे दूध आणि सफरचंदे परत करावीत, ही गोष्ट आमच्या घराघरांतून सांगण्यासारखी आहे. त्या वेळी बरीच चर्चा नकाराचीच झाली. पुस्तकाची त्या मानाने कमी झाली, हेही नोंदवून ठेवतो.

खरे यांच्या विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला आम्ही हे पुस्तक लोकांपुढे वाचले. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमाजवळचे भामरागड २०१९ च्या पावसाळ्यात पुराने वारंवार जगापासून तुटले होते. पाणी पुलावर आले की गाडी, वीज, टेलिफोन सारे एकदमच बंद पडे. त्या संध्याकाळी कंदिलाभोवती दहा-पंधरा माणसे जमत: दवाखान्यातल्या दोन धर्मभगिनी, आश्रमशाळेचे एक मास्तर, निवृत्त वनरक्षक, तेंदूपत्त्याच्या फडीवरचा मुन्शी, काही माडिया स्त्री-पुरुष आणि त्यांची मुले. सारेच ख्रिस्ती होते असे नाही. इंग्रजीचे मराठी आम्ही करीत असू, आणि मराठीचे माडिया आश्रमशाळेत शिकलेला एक तरुण करी.

पहिल्याच संध्याकाळी 'कॉम्रेड' या शब्दाशी गाडी अडली. पुस्तकात जनावरे एकमेकांना कॉम्रेड म्हणतात आणि इंग्रज वाचक हसतो. भामरागडात या शब्दाला कोणी हसत नाही. १९८० नंतरच्या दशकांत तो बंदुकीसह येथे आला. आमचा दुभाषी क्षणभर थांबला आणि त्याने आपल्याच मनाने प्रवचनाच्या आरंभीचे शब्द वापरले: 'प्रिय बंधुभगिनींनो'. डुकराच्या तोंडी ते शब्द ऐकून सर्वांनी आधी आमच्याकडे पाहिले आणि मग खो-खो हसले. आम्हीही हसलो, जरा उशिरा.

डुक्कर म्हटले की इंग्रजाला घाण आणि हाव आठवते. माडिया घरात डुक्कर हे धन आहे. लग्नाला लागते, सणाला लागते, देवाला लागते. त्यामुळे नेपोलियनची किळस येथे कोणास आली नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी तिसऱ्या दिवशी विचारले, "इतकी डुकरं माजली, अन् गावात एकही लग्न निघालं नाही?" या प्रश्नावर जितके हसू उसळले तितके मूळ पुस्तकातल्या कोणत्याही ओळीवर आम्ही कधी ऐकलेले नाही. मुलांना जनावरे एकत्र राहतात याचेही नवल नव्हते. १९७३ पासून डॉ. प्रकाश आमटे यांचे काम जेथे चालू आहे, ते हेमलकसा नदीच्या पलीकडेच आहे, आणि तेथील प्राण्यांच्या अनाथालयात त्यांनी बिबटे व अस्वले पाहिलेली होती. मुलांचा प्रश्न सरळ होता: त्यांना खायला कोण घालतं? व्हिस्कीच्या प्रसंगी मुन्शींनी शंका काढली, की गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असताना डुकरांनी ती आणली कोठून. त्यावर अनेकांना उत्तर ठाऊक होते. पण ते कोणी दिले नाही.

गोष्ट कोणाची, यावर वनरक्षक आणि मास्तर यांच्यात रोज वाद होई. वनरक्षकांच्या मते ती सरळ 'दादालोकां'ची, जंगलातल्या दलमची. मास्तरांच्या मते ती साहेबांची; तेंदूच्या हंगामात पाने कोण तोडतो आणि बंगला कोणाचा बांधला जातो ते पाहा म्हणजे झाले. एम्प्सनचा तो लहानगा आणि एलियट यांच्यातही याहून निराळा वाद झाला नसता. माडिया मंडळी दोघांचेही ऐकून घेत आणि काही बोलत नसत.

मग सातवे प्रकरण आले. त्यात काही जनावरे नेपोलियनपुढे येऊन न केलेल्या गुन्ह्यांची कबुली देतात आणि कुत्री त्यांना तेथल्या तेथे ठार करतात. दोन परिच्छेद झाले आणि आमचा दुभाषी थांबला. "हे इथं नको, फादर," तो हलकेच म्हणाला. कोणी हालले नाही. या भागात कित्येक वर्षे रात्री गाव गोळा करून कोणाला तरी 'खबऱ्या' ठरविले जाई, आणि सकाळी त्याचा मृतदेह रस्त्यावर सापडे. दलमला भात दिला म्हणून दुसऱ्या बाजूने संशय घेतला जाई तो वेगळाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, आणि आज वातावरण पालटले आहे. २०१९ मध्ये ते तसे नव्हते. आम्ही पुस्तक मिटले आणि दुसऱ्या दिवशी आठव्या प्रकरणापासून पुढे निघालो. मास्तरांना हे पटले नाही. प्रकरण गाळणे म्हणजे भिंतीवरची आज्ञा रात्रीतून बदलण्यासारखेच, असे ते म्हणाले, आणि मुद्दा बिनतोड होता. वनरक्षक एवढेच म्हणाले, "ज्याच्या घरात घडलंय त्याला वाचून कशाला दाखवायचं?" समीक्षक म्हणून आमचे मत विचाराल तर, त्या प्रकरणाचे सर्वांत अचूक वाचन त्या तरुणाने केले, ते थांबवून.

कावळ्याची पाळी नवव्या प्रकरणात पुन्हा आली. सिस्टरांपैकी थोरल्या, तीस वर्षे सुईणीचे काम केलेल्या, सरळ म्हणाल्या, "फादर, हा कावळा म्हणजे आपणच ना?" जोड्या लावण्याच्या परीक्षेत गाळलेली ती जोडी अशी भामरागडात लागली. आम्ही म्हणालो, "हो सिस्टर, लेखकाला आपणच अभिप्रेत आहोत." यावर एका माडिया बाईने विचारले, की त्या डोंगरावर खडीसाखर आहे हे खरे, पण मोह आहे का? मोह नसेल तर तेथे जाऊन करायचे काय? म्हाताऱ्या बाबांचा आक्षेप वेगळा होता. गावचा पेरमा देवाचे सांगतो, पण शेतही कसतो. जे आम्ही खातो तेच खातो. कावळ्याने डोंगराची गोष्ट सांगितली यात वाईट काय? तो काम करीत नाही आणि वाटा मात्र घेतो, आणि तोही डुकरांकडून घेतो, ही त्याची खोट. मग कोपऱ्यातून एका मुलाने विचारले, "फादर, तुम्हाला कोण देतं?" आम्ही सांगितले: धर्मप्रांत देतो, धर्मप्रांताला शहरांतली आणि परदेशातली श्रद्धावान कुटुंबे देतात. "म्हणजे कोण?" त्याने पुन्हा विचारले. वाचकहो, म्हणजे तुम्ही. ते उत्तर त्याला पुरेसे वाटलेले दिसले नाही.

सेमिनरीत आम्ही धर्मतत्त्वज्ञानाचे जे ग्रंथ अभ्यासले त्यांत मार्क्सचा आक्षेप होता, त्याचे खंडनही होते. म्हाताऱ्या बाबांचा आक्षेप तेथे नव्हता. त्यांना स्वर्गाचे काहीच वावडे नव्हते. घोटभर बिअर कोण ओततो, आणि ती ओतली जात असताना कावळा घोड्याच्या खोगिराच्या जखमांविषयी काही बोलतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते. आमच्या मते ऑर्वेल यांचाही रोख तेथेच आहे, आणि म्हणून आमच्या धर्मग्रामांतील युवक-मंडळांनी हे पुस्तक वाचायला घेतले तर नेपोलियनवर एक संध्याकाळ पुरेल. मोझेसवर दोन ठेवाव्यात.

या पुस्तकात एक वाचकही आहे, त्याच्याकडे समीक्षकांचे लक्ष कमी जाते. बेंजामिन नावाचे गाढव. त्याला कोणत्याही डुकराइतके वाचता येते. पण वाचण्याजोगे काही नाही असे म्हणून ते कधी वाचत नाही. भिंतीवरच्या आज्ञा बदलत जातात तेव्हा ते गप्प असते. बॉक्सरला न्यायला गाडी येते, जनावरे निरोपाचे हात हलविल्यासारखी भोवती उभी राहतात, आणि तेव्हा कोठे बेंजामिन पहिल्यांदा मोठ्याने वाचते: गाडीवर खाटकाचे नाव आहे. त्याच क्षणी गाडी हलते. लंडनच्या समीक्षकांना बेंजामिन आवडतो. त्यांना तो शहाणा, विरक्त वाटतो. काहींना त्यात ऑर्वेल स्वतः दिसतात.

भामरागडात तो कोणालाच आवडला नाही. मोहाविषयी विचारणाऱ्या त्याच बाई शेवटच्या संध्याकाळी म्हणाल्या, की गाढवाला वाचता येत होते तर त्याने घोड्याला शिकविले का नाही? आम्ही सांगितले, की बॉक्सरला चार अक्षरांपलीकडे येत नसे. "मग गाढवानं रोज वाचून दाखवायचं," त्या म्हणाल्या. पाणी ओसरल्यावर आठवडाभराने त्या आल्या. पदरात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला वनहक्काच्या दाव्याचा कागद होता. त्यावर त्यांचा अंगठा उठविलेला होता, आणि त्यात काय लिहिले आहे ते त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. तो त्यांना आम्ही दोनदा वाचून दाखविला. पहिल्यांदा मराठीत, आणि मग त्या तरुणाला बोलावून माडियात.